ऐनवेळचे विषय

पंचशीलातलं चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहायला सांगतं. लहानपणापासून मी ते रोज म्हणत आले, आणि नोकरीला लागल्यावर त्याच्याविषयीचा एक प्रश्न मनात घर करून बसला. एक माणूस समोर येऊन बोलतो. त्याचं एकही वाक्य खोटं नसतं. फक्त हे सगळं तो कशासाठी बोलतो आहे, ते तो ऐकणाऱ्याला कळू देत नाही. ते कळणार असतं शेवटी, सही घेताना. या माणसाने शील पाळलं की मोडलं?

माझं उत्तर आहे, मोडलं. वाक्य खरं असणं ही सत्याची एक बाजू झाली. ते वाक्य माझ्यापर्यंत कशासाठी आणलं, हे मला वेळेत कळणं ही दुसरी. दुसरी झाकून पहिलीच दाखवली, तर खऱ्या वाक्यांनीही माणसाला फसवता येतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत मी हे होताना पाहिलं आहे. आणि हे होऊ नये म्हणून माणसांनी केवढी जपणूक केली आहे, तीही याच गावांत पाहिली आहे.

माझं माहेर सिंदेवाही तालुक्यातलं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, गावचे कोतवाल होते. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या गर्दीत ते होते. परत आल्यावर त्यांनी खुंटीवरचं डफडं उतरवलं, ते कायमचं. दवंडी मात्र कोतवालीचं काम होतं, ते सुटणार नव्हतं. मग ते पितळी थाळी वाजवून दवंडी देऊ लागले. दवंडीचा क्रम ठरलेला असे. आधी थाळीचा आवाज. मग ‘ऐका हो ऐका’. मग हुकूम कुणाचा, तहसीलदाराचा की सरपंचाचा. मग काम कशाचं, पट्टी भरायची आहे, टोचणी आहे, की कोंडवाड्यात कुणाचं जनावर अडकलं आहे. तपशील सगळ्यांत शेवटी. आबाजींनी हा क्रम कधी मोडला नाही. मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “नाव आन् काम पयले सांगाचं. मंग ज्याले आयकाचं तो आयकते, ज्याले नाही तो घरात जाते.”

घरात जाण्याची ही मोकळीक मला फार महत्त्वाची वाटते. काम आधी सांगितलं की ऐकणारा माणूस ऐकायचं की नाही ते ठरवू शकतो. कुणाला सोबत बोलवायचं, कोणता कागद पेटीतून काढून आणायचा, हे ठरवू शकतो. काम शेवटी सांगितलं, तर हे सगळं त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं.

मी गडचिरोली जिल्हा परिषदेत ग्रामसेविका झाले आणि दवंडीच्या जागी माझ्या हातात नोटीस आली. ग्रामसभेची नोटीस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा साचा पाठ असतो. तारीख, वेळ, ठिकाण. मग विषयपत्रिका: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, लाभार्थ्यांची निवड करणे. आणि अगदी शेवटची ओळ: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. ही ओळ वाईट हेतूने आलेली नाही. नोटीस लागल्यावर हातपंप बंद पडतो, पुरात रपटा वाहून जातो, शाळेचं छप्पर उडतं. अशा गोष्टींसाठी एक दार उघडं ठेवावंच लागतं. पण त्या दारातून काय काय आत येऊ शकतं, ते मी एका गावात पाहिलं.

सभा जातीच्या दाखल्यांसाठी म्हणून बोलावलेली होती. दाखले म्हटल्यावर गाव लोटलं. हजेरीच्या रजिस्टरवर सह्या झाल्या, अंगठे झाले. दाखल्यांचं बोलणं संपत आलं तसा एका पाहुण्याने कागद काढला आणि ऐनवेळचा विषय म्हणून एक ठराव वाचला. गावच्या शिवारातली जमीन बाहेरच्या एका कामासाठी देण्यास ग्रामसभेची हरकत नाही, असा तो ठराव होता. त्याने शब्दन् शब्द जसाच्या तसा वाचला. खोटं काहीच नव्हतं. सभेला किती माणसं हजर आहेत, तेही रजिस्टरमध्ये खरंच लिहिलेलं होतं. मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, “आमाले दाखल्यासाठी बोलावलं. जमिनीसाठी बोलावलं असतं तं माहा बुढा आला असता.”

तिचं म्हणणं मी इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं आणि विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या नोटिशीत तो पहिल्या क्रमांकावर लिहिला. त्या दिवशी बुढे आले, मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया सकाळची फेरी सोडून आल्या. दुपार कलेपर्यंत गाव बोललं आणि नाही म्हणालं. ते हो म्हणाले असते, तरी तो ठराव मी तितक्याच निश्चिंत मनाने लिहिला असता. आधीच्या सभेत होकार मिळाला असता, तर तो मात्र होकारच नसता. तो देणाऱ्यांना आपण काय देतो आहोत, हे ठाऊकच नसतं.

नियम या बाबतीत गावाच्या बाजूने आहेत. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार दिला, आणि आपल्या राज्यात त्याचे नियम २०१४ मध्ये आले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाव्यांचा निर्णय घेणाऱ्या सभेला निम्मी गणपूर्ती लागते आणि त्यात एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. पण गणपूर्तीत फक्त डोकी मोजली जातात. ती माणसं कशासाठी आली होती, हे मोजायला रजिस्टरमध्ये रकाना नाही. तो रकाना माणसाच्या सदसद्विवेकातच असावा लागतो. म्हणून हा प्रश्न मला कायद्याच्या आधी धम्माचा वाटतो.

धम्मात याचं उत्तर शोधायला गेले तेव्हा ते उपदेशात मिळालं त्याहून अधिक स्पष्ट विनयात, म्हणजे भिक्खूसंघाच्या कामकाजाच्या नियमांत मिळालं. संघाला काही ठरवायचं असेल तर आधी ज्ञप्ती मांडावी लागते: भन्ते, संघाने माझं ऐकावं, अमुक विषय संघापुढे आहे. त्यानंतर ठराव ऐकवायचा. साध्या कामाला एकदा, उपसंपदेसारख्या, म्हणजे भिक्खूच्या पूर्ण दीक्षेसारख्या, मोठ्या कामाला तीनदा. दर वेळी सांगायचं की ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावं आणि ज्याला मान्य नसेल त्याने बोलावं. विनयातल्या महावग्गात पुढे अशीही चर्चा आहे की क्रम उलटा झाला, आधी ठराव ऐकवला आणि ज्ञप्ती मागून मांडली, तर त्या कर्माचं काय समजायचं. ते कर्म धर्मासारखं दिसतं, पण धर्माचं नसतं, असा तिथला निर्णय आहे. शब्द तेच, माणसं तीच, फक्त क्रम फिरला आणि कर्म बाद झालं. दाखल्यांच्या सभेत वाचलेला तो ठराव असाच होता.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी या संघांची आठवण काढली होती. प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतांची मोजणी हे सगळं भिक्खूसंघांना ठाऊक होतं, या देशाला सभेचे नियम नवे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. आमच्या समाजातली माणसं ते भाषण लोकशाहीच्या अभिमानाने वाचतात, आणि वाचावंच. मला त्यात गावच्या कामाची एक शिस्तही दिसते. ग्रामसभेची विषयपत्रिका ही ज्ञप्ती आहे. ती आधी मांडायची असते आणि सगळ्यांना कळेल अशी मांडायची असते.

विनयात आणखी एक नियम आहे, आणि तो दोन माणसांमधल्या बोलण्याचा आहे. एका भिक्खूला दुसऱ्याचा दोष दाखवायचा असेल, तर त्याने आधी त्याची परवानगी घ्यावी: आयुष्मान, मला आपल्याशी बोलायचं आहे, मला अवकाश द्यावा. अवकाश मिळाल्यावरच बोलावं. दोष खरा असेल, दाखवणारा वयाने मोठा असेल, तरी न विचारता अंगावर जाण्याची मुभा नाही. आम्ही बौद्ध माणसं पंचशील घेतानासुद्धा आधी याचना करतो. भन्ते शील देतात ते मागितल्यावर. ऐकणाऱ्याने दार उघडल्याशिवाय धम्मसुद्धा आत जात नाही, इतकी ही काळजी आहे.

शेजारपाजारच्या धर्मांतही ही काळजी दिसते. पूजेला बसलेला यजमान आधी तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडतो. त्यात गोदावरीचा कोणता काठ, कोणता महिना, कोणती तिथी, आपण कोण आणि कशासाठी हे कर्म करतो आहोत, एवढं सांगून मग पूजा सुरू होते. नमाज पढणारा माणूस आधी नियत करतो. माडिया आणि गोंड गावांत पेरणीआधी बियाण्यांचा पंडुम, म्हणजे सण, होतो, त्यानंतर दाणा मातीत जातो. समर्थांच्या दासबोधाचा पहिला समास म्हणजे ग्रंथाची ओळखच: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलं आहे, ऐकल्याने काय मिळतं, हे श्रोत्यांच्या प्रश्नांना धरून आधीच सांगितलं आहे. वेदान्ती मंडळी तर ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टींची मागणी करतात: ग्रंथ कुणासाठी, विषय कोणता, विषयाचा आणि ग्रंथाचा संबंध काय, आणि प्रयोजन काय. प्रयोजन कळल्याशिवाय शास्त्र हातात कोण घेईल, असं कुमारिलभट्टांनीही म्हटलं आहे. ज्यांचं आपापसांत पटत नाही, अशा परंपरा या एका ठिकाणी एकाच रीतीने वागतात. देवापुढे आणि शास्त्रापुढे आपण हेतू आधी सांगतो. मग माणसापुढे का सांगू नये?

आमच्या भागात हे तत्त्व सगळ्यांत पुढे नेलं ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मेंढा आणि शेजारचं मर्दा या गावांना २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगल आलं. २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, तेव्हा केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात होते. हे सगळं छापून आलेलं आहे. त्यामागची जी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, ती कमी सांगितली जाते. गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून त्या गावात ग्रामसभेबरोबर अभ्यास गट उभा राहिला. अभ्यास गटात विषयावर फक्त चर्चा होते. कायदा वाचतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, उलटसुलट विचारतात. तिथे निर्णय होत नाही, आणि होणार नाही हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. निर्णय ग्रामसभेत होतो, तो सर्वसहमतीने.

ही विभागणी साधी दिसते, पण तिने बोलण्याचा हेतू लख्ख होतो. अभ्यास गटात बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की इथे मी शंका काढली तर कुणाचं काम अडणार नाही, आणि मी मान डोलावली तर ती कुणी होकार म्हणून लिहून घेणार नाही. म्हणून तो मोकळा बोलतो. सभांमध्ये माणसं गप्प बसतात, त्याला आपण अडाणीपणा म्हणतो. पुष्कळदा कारण वेगळं असतं. ही चर्चा आहे की निर्णय, माहिती आहे की मंजुरी, हेच त्यांना कळलेलं नसतं, आणि कळेपर्यंत तोंड न उघडणं शहाणपणाचंच असतं. बाहेरून कुणी काही काम घेऊन आलं, तर ते काय आणि कशासाठी, हे आधी ग्रामसभेपुढे मांडून परवानगी घ्यावी लागते, हाही मेंढ्याचा नियम आहे. एक लहानसं गाव जे करू शकतं, ते करायला मोठ्या संस्थांना जड का जावं, हे मला आजवर समजलेलं नाही.

आता या विचारावर घेतले जाणारे आक्षेप. सगळ्यांत जड आक्षेप मरणाच्या बातमीचा आहे. उन्हाळ्यात मोहफुलं आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला आमच्या भागातली माणसं पहाटेच जंगलात जातात, आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाही-मूलच्या पट्ट्यात वाघाने माणूस मारल्याची बातमी कधी ना कधी गावावर येते. मुलगा हैदराबादला किंवा पुण्याला कामाला असतो. त्याला फोन जातो, “बाबांची तब्येत जास्त आहे, असशील तसा निघ.” यात हेतू लपवला आहे, वाक्यही खोटं आहे. पण एकटाच पोरगा बसमध्ये रात्र कशी काढेल, या काळजीने ते बोललेलं असतं. मग हे शील मोडणं म्हणायचं का? हेतू आधी सांगा म्हणणारे माणसाच्या छातीवर दगड टाकायला सांगतात का?

याचं उत्तर मला पूर्वीच्या पोस्टकार्डांत सापडलं. लग्नाच्या कार्डाला कोपऱ्यांवर हळदीकुंकवाची बोटं असत. मयताचं कार्ड असेल तर त्याचा एक कोपरा फाडलेला असे, आणि वर ‘श्री’ नसे. बाजाराच्या दिवशी डाकवाला कार्डं वाटायचा. ज्याला अक्षर येत नव्हतं, त्यालाही कोपरा वाचता यायचा. फाटका कोपरा दिसला की कार्ड घेणारा तिथल्या तिथे बसायचा, शेजाऱ्याला हाक मारायचा, वाचून दाखवायला शहाणं माणूस बोलवायचा. तोवर कुणाचं नाव कळलेलं नसायचं. बातमी कोणत्या जातीची आहे, एवढंच कळलेलं असायचं. त्या कोपऱ्याने बातमी सांगितली नव्हती, लपवलीही नव्हती. माणसाला सावरायला चार क्षण दिले होते.

म्हणजे हेतू आधी सांगणं आणि बातमी धाडकन सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या तालुक्यातल्या एका पोलीस पाटलांनी वाघाने मारलेल्या माणसाच्या घरी बातमी कशी नेली, ते मी पाहिलं आहे. त्यांनी वाटेत शेजारच्या दोन बायांना सोबत घेतलं. अंगणात गेल्यावर घरच्या बाईला म्हणाले, “बाई, बस. वाईट गोष्ट सांगाले आलो.” ती बसली. तिने शेजारणीचा हात धरला. मग त्यांनी सांगितलं. जगभरातले डॉक्टरही आता हेच शिकतात. रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये कर्करोगाच्या रुग्णांना वाईट बातमी कशी सांगावी, त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्यांत रुग्णाला किती जाणून घ्यायचं आहे ते आधी विचारा आणि बातमीपूर्वी तिची पूर्वसूचना द्या, असं सांगितलेलं आहे. दूरच्या मुलालाही हे करता येतं. आधी त्याच्या खोलीवरच्या मित्राला फोन करावा, मित्र जवळ आला की मुलाशी बोलावं, “वाईट बातमी आहे, बसून ऐक.” करुणेसाठी खोटं बोलायची गरज पडते, ती बहुतेक वेळा ही तयारी करायला आपण कंटाळतो म्हणून.

दुसरा आक्षेप खुद्द बुद्धाच्या चरित्रातून येतो, आणि तो मी टाळणार नाही. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला तथागतांनी सांगितलं, ज्या घरात कुणी मेलेलं नाही, त्या घरातून मोहरीचे दाणे आण. आपला हेतू त्यांनी तिला सांगितला नाही. मग त्यांनीही ऐनवेळचा विषय आणला का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तिथे गोतमीकडून काही घ्यायचं नव्हतं. तिची जमीन, तिची सही, तिचा होकार, काहीच नाही. ती कोणत्याही दारातून परत फिरू शकत होती. प्रत्येक दारात जे कळलं ते तिला स्वतःला कळलं, आणि शेवटी तिने मूल खाली ठेवलं ते स्वतःच्या समजुतीने. हेतू न सांगण्याची मुभा असलीच तर एवढ्याच जागेत आहे: जिथे सांगणाऱ्याला काही मिळवायचं नाही आणि ऐकणाऱ्याचं पाऊल शेवटपर्यंत मोकळं आहे. गुरूच्या, आईच्या, वैद्याच्या हाती ती मुभा कधी कधी शोभते. ज्याला आपल्याकडून काही न्यायचं आहे, त्याने किसा गोतमीची गोष्ट पुढे करू नये.

अप्रिय सत्याबद्दलही तथागतांचं म्हणणं अभय राजकुमाराच्या सुत्तात आलं आहे. राजकुमाराच्या मांडीवर तान्हं मूल होतं. या मुलाच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर काय कराल, असं बुद्धांनी विचारलं. रक्त आलं तरी काढेन, असं तो म्हणाला. जे खरं आहे आणि हिताचं आहे, ते अप्रिय असलं तरी तथागत बोलतात, पण त्याची वेळ जाणून बोलतात. वेळ जाणणं याचा अर्थ मी असा घेते की ऐकणाऱ्याला तयार व्हायला अवधी देणं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. हेतू आधी सांगितला की विरोधक सावध होतो, काम बिघडतं. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी चांद्याच्या दीक्षाभूमीकडे बोट दाखवते. हिंदू म्हणून मरणार नाही, हे बाबासाहेबांनी येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला जाहीर केलं. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि दोन दिवसांनी चंद्रपुरात. मधली एकवीस वर्षं त्यांचा हेतू उघड्यावर होता. देशभरातून टीका झाली, निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी आपापलं आमंत्रण पुढे केलं, आपल्यातलेच काही जण दुरावले. १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतर का करायचं, याची कारणं एकेक करून मांडली. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पुन्हा मांडली. घाईने, गुपचूप उरकायची गोष्ट असती, तर हे काही करायची गरज नव्हती. पण हेतू असा उघडा ठेवल्यामुळेच आबाजींसारखा अक्षरओळख नसलेला माणूस बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्या सभेला गेला तेव्हा त्याला पक्कं माहीत होतं की आपण कशासाठी जातो आहोत. त्याने एकवीस वर्षं तो विचार ऐकला होता, त्यावर भांडला होता, रात्री झोपताना तो मनात घोळवला होता. म्हणून डफडं एकदा उतरलं, ते परत खुंटीवर चढलं नाही. गांधीजींनी मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण काय करणार ते कळवलं होतं. दोघांचे मार्ग वेगळे, मतभेद खोल. विरोधकालाही आपला हेतू आधी कळण्याचा हक्क आहे, ही गोष्ट मात्र दोघांनीही पाळली.

हेतू आधी सांगितल्याचं नुसतं दाखवण्याचेही प्रकार असतात. नोटिशीत ‘विविध योजनांची माहिती देणे’ असं लिहिलं की विषय सांगितल्यासारखा होतो आणि झाकलेलाही राहतो. विषय मराठीत लिहून ज्या गावात म्हाताऱ्या बाया गोंडी किंवा माडियाच बोलतात तिथे नोटीस चिकटवली, की नियम पाळला जातो आणि माणसं कोरडीच राहतात. फाइलवर सही हवी म्हणून कर्मचारी “काही नाही, फक्त माहितीसाठी” असं सांगून अंगठा घेतात, तेव्हा प्रयोजन सांगितलेलं असतं, पण ते खोटं असतं. म्हणून प्रयोजन सांगितलं की नाही, एवढं पाहून माझं समाधान होत नाही. ते ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगितलं का, विचार करून नाही म्हणता येईल इतकं आधी सांगितलं का, आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळणार तेही सांगितलं का, या तीन गोष्टी मी पाहते. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांकडे पाठवला, तेव्हा एकच विषय घेऊन बारा गावं न्यायाधीशांसमोर बसली, आपल्या भाषेत बोलली आणि बाराही गावांनी नकार दिला. तो नकार टिकला, कारण काय विचारलं होतं आणि काय उत्तर दिलं, याबद्दल कुणाच्याही मनात शंका राहिली नाही.

माझ्या जागेवर आता जी मुलं-मुली ग्रामपंचायत अधिकारी म्हणून आली आहेत, ती मला कधी भेटतात, काय जपावं म्हणून विचारतात. मी त्यांना सांगते: जमीन, जंगल, पाणी आणि कर्ज हे चार विषय ऐनवेळी कधी घेऊ नका, अध्यक्षांनी परवानगी दिली तरीही. नोटीस गोंडी बोलणाऱ्या माणसाकडून गावात वाचून घ्या. विषय मांडताना ही चर्चा आहे की निर्णय, ते पहिल्या वाक्यात सांगा. ठराव तीनदा वाचा आणि दर वेळी थांबा. हजेरीची सही आणि ठरावाची सही वेगळ्या पानांवर घ्या. महिला सभा आदल्या दिवशी उरकून टाकायची नसते. तिथे विषय पहिल्यांदा उलगडला पाहिजे, म्हणजे दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत बाया तयारीने बसतील.

आणि सभेत बसणाऱ्या बायांना सांगते: कागद पुढे आला की त्यावर काय लिहिलं आहे हे विचारण्याआधी, तो कशासाठी आणला आहे ते विचारा. उत्तर पटेपर्यंत बोटाला शाई लावू नका. कुणी आडमुठी म्हणेल, कुणी वेळ जातो म्हणेल. म्हणू द्या. ज्याचं काम सरळ आहे, त्याला ते सांगायला एक मिनिट पुरतं.